उभयचर : आपल्या शेतातले आणि पुस्तकातले

'उभयचर' या शब्दाची फोड करणे सोपे आहे. उभय म्हणजे दोन्ही आणि चर म्हणजे फिरणारा. जो पाण्यातही राहतो व जमिनीवरही वावरतो तो उभयचर. परंतु एवढ्यावरच समाधान मानले तर आपल्या गावच्या डोहात दुपारभर डुंबणारी म्हैससुद्धा उभयचर ठरेल! कासव आणि मगर तर हमखास ठरतील. वास्तविक ते दोघे सरपटणारे प्राणी होत. तेव्हा नुसते दोन्ही ठिकाणी राहणे ही उभयचरांची खूण नव्हे. एकाच जन्मात दोन प्रकारचे देह धारण करणे, आधी माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेणारा आणि नंतर फुप्फुसाने श्वास घेणारा देह, ही त्यांची मुख्य खूण. त्याला जोड म्हणून आणखी दोन गोष्टी सांगता येतील. त्यांच्या अंड्याला कवच नसते आणि त्यांच्या अंगावर खवले, पिसे किंवा केस यांपैकी काहीही नसते. या तिन्ही गोष्टींना अपवाद आहेत, पण आपल्या जिल्ह्यात ते भेटत नाहीत.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. दहावीनंतर विज्ञान शाखेला जावे असे मनात होते. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि विज्ञानासाठी रोज दोन गाड्या बदलून जाणे, शिवाय शिकवणीचा खर्च, हे सारे घरच्या हिशेबात बसण्यासारखे नव्हते. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही. पण ग्रंथालयात जीवशास्त्राची चार जुनी पुस्तके आहेत, आणि बेडूक पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागते असे मला वाटत नाही. मेहकर तालुक्यातील आमच्या शेतात आषाढात रात्री उभे राहिले की पुरे. म्हणून हा अभ्यासलेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. शास्त्र शाखेच्या जाणकारांनी गोड मानून घ्यावा.

जगात आज उभयचरांच्या साडेआठ हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडत असते. भारतातील संख्या चारशेच्या पुढे गेली आहे. त्यांचे तीन गण पाडतात. पहिला बिनशेपटीचा, म्हणजे बेडूक व भेक. दहांतले जवळजवळ नऊ उभयचर याच गणातले. दुसरा शेपटीवाला, म्हणजे सॅलॅमँडर. ते पालीसारखे दिसतात पण पालीशी त्यांचे काही नाते नाही. भारतात ते पहायचे तर दार्जिलिंगच्या बाजूला जावे लागेल. तिसऱ्या गणाला पायच नाहीत. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याला ओल्या मातीत गांडुळासारखा दिसणारा, पण कणा आणि दात असणारा एक प्राणी सापडतो; त्याला आपल्याकडे देवगांडूळ म्हणतात. साप समजून पुष्कळ वेळा त्याला ठेचून मारले जाते. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला मात्र पहिला गण आला आहे, म्हणून यापुढे मुख्यतः बेडकाविषयीच लिहिते.

बेडकाचे सर्वांत विलक्षण इंद्रिय कोणते असे कुणी विचारले तर बहुतेक जण लांब उडी मारणारे पाय किंवा पुढच्या टोकाशी जोडलेली व मागून बाहेर फेकली जाणारी जीभ सांगतील. माझ्या मते ते कातडे आहे. आपले कातडे म्हणजे घराची भिंत, तर बेडकाचे कातडे म्हणजे बाजेची वीण; आतले बाहेर आणि बाहेरचे आत सहज येते-जाते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर तो पोट टेकून बसतो, आणि मांड्यांच्या व पोटाच्या खालचे पातळ कातडे पाणी शोषून घेते. तो श्वासही कातड्यातून घेतो. त्याला फुप्फुसे आहेत, पण आपल्याप्रमाणे छातीच्या फासळ्या व मध्यपटल नाहीत. म्हणून तो गळ्याची पिशवी खालीवर करून हवा आत ढकलतो. बसलेल्या बेडकाचा गळा सारखा हालत असतो, तो याचसाठी. पाण्याखाली असताना आणि जमिनीत निजलेला असताना मात्र कातड्याचाच आधार. हवेतला प्राणवायू कोरड्या कातड्यातून आत जात नाही, तो आधी ओलाव्यात विरघळावा लागतो. त्यासाठी कातड्यातल्या ग्रंथी बुळबुळीत चिकट द्रव सतत पाझरत ठेवतात. ज्या बुळबुळीतपणाची आपल्याला किळस येते तो त्याचा प्राण आहे.

हृदयाचे तीन कप्पे, वर दोन अलिंद व खाली एकच निलय, हे शाळेतच आपण पाठ केलेले आहे, ते पुन्हा सांगत नाही. शरीराचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते, एवढेही आपल्याला ठाऊक असते. एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात मला सापडली नव्हती. बेडूक घास गिळताना डोळे मिटतो. त्या वेळी डोळ्यांची बुबुळे आत टाळूकडे दाबली जाऊन घास घशात ढकलण्यास मदत करतात. म्हणजे तो खरोखरीच डोळ्यांनी जेवतो!

कातड्याचा हा गुण लक्षात घेतला की आपल्या जिल्ह्याच्या भूगोलातले एक कोडे आपोआप उलगडते. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी सहलीला जाऊन पाहिलेले असते. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. या तळ्याचे पाणी नुसते खारट नाही, ते अल्कधर्मीही आहे. त्याचा सामू वर्षानुवर्षे १० च्या आसपास नोंदला गेला आहे. सामू मोजण्याची पद्धत अशी की एक अंक वाढला म्हणजे अल्कता दहापट होते. तेव्हा ७ सामू असलेल्या शुद्ध पाण्यापेक्षा हे पाणी हजारपट अल्कधर्मी झाले. अशा पाण्यात कवच नसलेले अंडे टिकेल कसे? मोठा बेडूकही तेथे बसला तर खारे पाणी त्याच्या अंगातले पाणी ओढून घेईल, म्हणजे पाण्यात बसून तो वाळेल. पण विवराच्या उतारावर धारेचे गोडे पाणी बारा महिने वाहते. त्या पाण्याने जिथे जिथे ओल धरली आहे, तेथे बेडूक आहेत. एकाच विवरात शंभर पावलांच्या अंतराने बेडकाचे जग सुरू होते आणि संपते. अलीकडच्या वर्षांत गोडे पाणी जास्त उतरून तळ्याची पातळी वाढली आहे. त्याचा तळ्यातील जीवसृष्टीवर काय परिणाम होईल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूने येणाऱ्या माझ्या मैत्रिणी म्हणतील की आमच्या विहिरी खाऱ्या, तरी बेडूक आमच्याकडे ओरडतातच. बरोबर आहे. तेथील खारेपणा मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यात आहे. पावसाचे डबके मात्र आकाशातून पडलेल्या गोड्या पाण्याचे असते आणि बेडकाला तेवढे पुरते. नियमाला अपवाद म्हणून सांगायचे तर आग्नेय आशियात खाडीच्या पाण्यात राहणारा एक खेकडे खाणारा बेडूक आहे. तो आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतो, त्यामुळे बाहेरचे खारे पाणी त्याच्या अंगातील पाणी खेचू शकत नाही. पण असे पराक्रमी थोडेच.

उन्हाळ्यात बेडूक कुठे जातात हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाने विचारलेला असतो. आमच्या बाजूची काळी जमीन चैत्र-वैशाखात उलते. एवढ्या भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. भेक व इतर कित्येक बेडूक याच भेगांत, दगडाखाली, विहिरीच्या कपारीत शिरून बसतात. एक जात तर स्वतःच खोदकाम करते. तिचे इंग्रजी नाव खणणारा बेडूक असेच आहे. हा गुबगुबीत, आखूड तोंडाचा बेडूक. त्याच्या मागच्या तळपायावर फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने तो पाठमोरा जमिनीत उतरतो, स्क्रू फिरवावा तसा. उन्हाळी नांगरटीच्या वेळी एका मोठ्या ढेकळात असा बेडूक मी पाहिला आहे. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले, मातीच्याच रंगाचा गोळा. बाबांनी ते ढेकूळ उचलून बांधाच्या सावलीत ठेवले व वर ओली माती लोटली. या अवस्थेला ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास केवळ कातड्यातून चालतो, मूत्राशयात साठवलेले पाणी हळूहळू परत रक्तात घेतले जाते आणि अंगातल्या चरबीवर महिनेच्या महिने निघतात. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, ओल आणि जमिनीवर आदळणाऱ्या थेंबांचा आवाज खाली पोचला, की हे निजलेले जग उठते.

आमची आजी शाळेत गेलेली नाही. तिचे म्हणणे असे, "बेंडकं वरडले म्हनून लगेच पेरू नये माय, पन बियानं काढून ठेवावं." मला हे हवामानशास्त्राचे उत्तम वाक्य वाटते. बेडूक पाऊस आणीत नाही, तो ओलाव्याची खबर देतो. आणि एका पावसाच्या ओलाव्यावर पेरून दुबार पेरणीची पाळी आलेली घरे आमच्या गावात दरवर्षी असतात. जुन्या काळी पाऊस ओढ घेई तेव्हा पोरे कडुनिंबाचा पाला अंगाला बांधून धोंडी मागत घरोघर फिरत, आणि काही गावांत मुसळाला बेडूकही बांधीत. बेडकाच्या दृष्टीने हा प्रकार वाईटच. पण माणसाने पावसाचा संबंध गाईबैलाशी न जोडता बेडकाशी जोडला, यामागे निरीक्षण आहे.

हे निरीक्षण किती जुने आहे पहा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे व ते वसिष्ठाच्या नावावर आहे. वर्षभर व्रतस्थ राहून मौन पाळणाऱ्या ब्राह्मणांप्रमाणे निजलेले बेडूक पर्जन्य येताच बोलू लागतात, अशी कल्पना त्यात आहे. कुणी ती थट्टा मानतात, कुणी पावसाची प्रार्थना. मला त्यातले वर्षभराचे मौन महत्त्वाचे वाटते. कारण ग्रीष्मनिष्क्रियता म्हणजे तेच. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना मंडूकप्लुती हा शब्द परिचित असेल. पाणिनीच्या एका सूत्रातला शब्द मधली काही सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्राला जाऊन मिळतो, तेव्हा वैयाकरण त्याला बेडूकउडी म्हणतात. आणि आपण मराठीत दंड फुगवून दाखवतो त्या स्नायूला बेडकुळी म्हणतो. एवढे सगळे देणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला मात्र 'कूपमंडूक' ही शिवी आली. विहिरीतला बेडूक संकुचित असतो हे कुणी ठरवले देव जाणे. तो दर पावसाळ्यात बाहेर पडण्याची धडपड करीत असतो, आणि विहिरीच्या बांधीव भिंती त्याला पडू देत नाहीत.

ओरडण्याविषयी थोडे. ओरडतो तो नर. त्याच्या गळ्याखाली किंवा गळ्याच्या दोन बाजूंना स्वरकोश असतात; फुप्फुसातील हवा स्वरयंत्रावरून या फुग्यांत व परत अशी फिरवून तो आवाज मोठा करतो. तोंड आणि नाकपुड्या बंदच असतात, म्हणून हवा वाया जात नाही. प्रत्येक जातीची हाक वेगळी, आणि मादी आपल्याच जातीच्या हाकेकडे जाते. काळोखात एका डबक्याभोवती चार जातींचे बेडूक असले तरी घोटाळा होत नाही. आमच्या नाल्यावर कान देऊन ऐकले तर ते वेगळे काढता येतात. खोल, घुमणारे डराव डराव हे मोठ्या बेडकाचे. भेकाची हाक लांबलचक कुर्रर्र अशी, लांबवर पंप चालू असावा तशी. गवताच्या मुळाशी किड्यासारखी खरखर येते ती अंगठ्याच्या पेरापेक्षा फारशी मोठी नसलेल्या, पाठीवर गडद नक्षी असलेल्या बारीक तोंडाच्या बेडकाची. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज ऐकून पाहुण्यांना खरे वाटत नाही.

मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत इंडियन बुलफ्रॉग म्हणतात, तो एरवी हिरवट-तपकिरी असतो. पण पहिल्या जोरदार पावसानंतर नर लिंबासारखे पिवळेजर्द होतात आणि त्यांचे स्वरकोश निळे दिसतात. दोन-चार दिवसांत ही झळाळी उतरते. दर जूनमध्ये मोबाइलवर पिवळ्या बेडकांची चित्रे फिरतात आणि त्यांखाली हे विषारी असतात, परदेशातून आले आहेत, पावसाबरोबर पडले, असा मजकूर असतो. त्यांपैकी काहीही खरे नाही. ते आपलेच, ओळखीचे बेडूक होत. लग्नाच्या कपड्यांत आहेत इतकेच.

आता अंड्यांकडे वळू. बेडकाची अंडी फेसाळ गोंदासारख्या गठ्ठ्याने असतात, भेकाची मात्र काळ्या पोतीच्या दुपदरी माळेसारखी. गेल्या आषाढात नाल्याकाठी सुकत चाललेल्या एका खळग्यात अशी माळ दिसली. तिचा वीतभर तुकडा मी नाल्याच्याच पाण्यासह जुन्या घमेल्यात आणून अंगणात कडुनिंबाखाली ठेवला, आणि रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी अंड्यांतून काळ्या स्वल्पविरामासारखे जीव बाहेर पडून माळेलाच चिकटून राहिले. त्या वेळी त्यांच्या मानेशी बाहेर कल्ल्यांचे बारीक झुपके असतात. भिंगातून ते दिसले. दोन दिवसांत त्यांवर कातड्याची घडी आली आणि कल्ले आत झाकले गेले. हा झाला डिंभ, पुस्तकी भाषेत भैकेर. तो शाकाहारी असतो. बारीक खरखरीत दातांच्या ओळींनी तो दगडावरचे शेवाळ खरवडतो, आणि शेवाळ पचवायला आतडे लांब लागते म्हणून त्याच्या पारदर्शक पोटात आतड्याचे वेटोळे घड्याळाच्या कमानीसारखे दिसते. मोठ्या बेडकाचे डिंभ मात्र असे गरीब नसतात, ते दुसऱ्यांच्या डिंभांना खातात.

तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या मुळाशी मागचे पाय आले. पुढचे पाय आतल्या आत तयार होतात आणि एके दिवशी कोपर बाहेर काढतात. त्यानंतरचा आठवडा मला सर्वांत आश्चर्यकारक वाटला. शेपटी गळून पडते असे पुष्कळांना वाटते. ती गळत नाही. तिच्यातील पेशी विरघळून तेच द्रव्य शरीरात वापरले जाते. या दिवसांत तो काही खातच नाही, कारण खरवडणारे तोंड मोडून किडे पकडणारे रुंद तोंड घडत असते. त्याच वेळी आतडे आखडते, कल्ले जातात, फुप्फुसे काम करू लागतात, माशासारखे दोन कप्प्यांचे हृदय तीन कप्प्यांचे होते. मूत्रसुद्धा बदलते. पाण्यात असताना डिंभ अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी खरा, पण भोवती पाणी भरपूर असल्याने चालते. जमिनीवर ते परवडणारे नाही, म्हणून यकृत त्याचा युरिया करू लागते. घरात लोक राहत असताना घराच्या चारही भिंती, छप्पर, चूल आणि न्हाणी एकाच आठवड्यात बदलावी, असा हा प्रकार. मी घमेल्यात एक दगड तिरपा ठेवला होता. तो नसता तर ही पिले पाण्यात गुदमरून मेली असती, कारण आता ती मासे राहिली नव्हती. अडतिसाव्या दिवशी पहिले पिलू दगडावर चढले. ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे होते. सगळी पिले मी त्याच नाल्यावर नेऊन सोडली.

हे सारे घडवून आणतो तो अवटू ग्रंथीचा स्राव, थायरॉक्सिन. १९१२ मध्ये गुडरनाट्श या शास्त्रज्ञाने डिंभांना घोड्याची अवटू ग्रंथी खायला घातली, तेव्हा ते वेळेच्या कितीतरी आधी रूपांतरित होऊन इवलेसे बेडूक झाले. उलट ही ग्रंथी काढून टाकली तर डिंभ वाढत राहतो पण बेडूक होत नाही. मेक्सिकोतला अॅक्सोलोटल नावाचा सॅलॅमँडर तर निसर्गतःच जन्मभर कल्ले ठेवून पाण्यात राहतो आणि त्याच बाल्यावस्थेत त्याला पिलेही होतात. आपल्या गळ्यातही हीच ग्रंथी आहे, हाच स्राव आहे. गलगंड होऊ नये म्हणून मिठात आयोडीन घालतात, त्या आयोडीनचा उपयोग हा स्राव तयार करण्यासाठीच होतो.

पाण्यातून जमिनीवर येण्याचा जो प्रवास डिंभ सव्वा महिन्यात करतो तो प्राणिसृष्टीने सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी केला. कॅनडाच्या उत्तरेस २००४ मध्ये सापडलेल्या टिकटालिक या जीवाश्मात माशाचे खवले आणि पायासारखी हाडे असलेले पर एकत्र दिसतात. महाराष्ट्राचाही या इतिहासात एक वाटा आहे. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि पुढे १९३० मध्ये त्यांना इंडोबॅट्रॅकस असे नाव देण्यात आले. ज्या ज्वालामुखींनी आपल्या पायाखालचा काळा खडक घातला, त्यांचे दोन उद्रेक होण्याच्या मधल्या शांत काळात तेथे डबकी साचली होती आणि डबक्यांत बेडूक होते. डायनोसॉर संपले त्या सुमाराची, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागेची ही गोष्ट. आजही शोध थांबलेले नाहीत. २००३ मध्ये केरळातील जांभळ्या बेडकाला सह्याद्रीचे नाव देण्यात आले, आणि सिंधुदुर्गातील आंबोलीच्या पिवळ्या पट्ट्यांचा भेक शास्त्राला माहीत झाला तो २००९ मध्ये.

भेकाविषयी आपल्याकडे गैरसमज फार. त्याला हात लावला की चामखीळ येते असे म्हणतात. चामखीळ विषाणूमुळे येते, भेकाशी तिचा संबंध नाही. मात्र त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून पांढरा विषारी चीक येतो हे खरे. कुत्र्याने भेक तोंडात धरला की तोंडाला फेस येतो, तो यामुळे. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये, एवढी काळजी पुरे. उलट दिव्याखाली बसून रात्रभर किडे वेचणारा हा पाहुणा घरात असलेला बरा.

माणसाने बेडकाचे काय केले? इटलीत गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूचा स्पर्श करून तो उडालेला पाहिला, आणि त्यावरून झालेल्या वादातून विजेच्या घटाचा शोध लागला. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांनी विज्ञानाचे वर्ग पाहिले असतील त्यांना मेणाच्या तबकडीवर टाचण्यांनी ताणलेला बेडूक आठवेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून ही पद्धत कमी करीत आणून २०१४ मध्ये बंद केली. त्याआधी आणखी मोठा संहार होऊन गेला होता. भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांचे पाय परदेशी जेवणासाठी जात. त्यासाठी धरले जात ते मुख्यतः हेच मोठे बेडूक. १९८७ मध्ये सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. शेतातले किडे खाणारा प्राणी विकून मिळालेल्या परकीय चलनातून कीटकनाशके घ्यायची, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तपासून पाहण्यासारखा आहे.

आणि कीटकनाशकांपाशीच हा विषय मला अवघड होतो. कपाशी, सोयाबीन, तूर. आमच्या घरी फवारणी बाबाच करतात. पाठीवर पंप, पायात काही नाही, तोंडाला उपरणे. फवारणीनंतर पाऊस आला की ते पाणी धुऱ्यावरून खालच्या खळग्यात उतरते, आणि दुसऱ्या दिवशी त्या खळग्यात डिंभ पोट वर करून तरंगताना मी पाहिले आहेत. ज्याचे कातडेच पाणी पिते, त्याला तोंड मिटून वाचता येत नाही. माणसाचे कातडे तेवढे पातळ नाही, पण अभेद्यही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. विष श्वासातून आणि कातड्यातून गेले होते. मक्यातील तणावर मारतात त्या अॅट्राझिनविषयी कॅलिफोर्नियातील टायरोन हेज यांनी २००२ मध्ये दाखवले की पाण्यात अब्जात दशांश भाग इतके औषध असले तरी नर बेडकांच्या शरीरात मादीची इंद्रिये तयार होऊ शकतात. या निष्कर्षांवर उत्पादकांकडून बराच वाद झाला. युरोपीय संघाने मात्र ते औषध नंतर बंद केले. मोताळा, देऊळगाव राजाकडे मका बराच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जगभर पाहिले तर उभयचरांच्या पाचांपैकी दोन जाती धोक्यात असल्याचे २०२३ च्या जागतिक पाहणीत आढळले. पृष्ठवंशी प्राण्यांत एवढी वाईट स्थिती दुसऱ्या कुठल्याच वर्गाची नाही. जंगलतोड आहे, हवामान आहे, शिवाय एक बुरशी आहे. १९९८ मध्ये ती ओळखली गेली. ती बेडकाचे कातडे जाड व निकामी करते, अंगातील क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबते. मध्य अमेरिका व ऑस्ट्रेलियातील कित्येक जाती तिने संपवल्या. येथेही पुन्हा कातडेच.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, पण बेडूक बहुतेक अभयारण्याबाहेरच राहतात. शेतात, नाल्यात, गावतळ्यात. तळी व नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरायची, ही रीत 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर नावाजली गेली. विहिरींना पाणी वाढले हे आम्हीही अनुभवले आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु बेडकाला खोल पाणी नको, काठ हवा. वीतभर उथळ, गवताळ, उन्हाने कोमट होणारे पाणी, जिथे मासा पोचत नाही. सरळ उभ्या कापलेल्या काठावर अंडी घालता येत नाहीत. एका बाजूला उतार ठेवला तर खर्च फारसा वाढत नाही, असे यंत्र चालवणाऱ्या आमच्या मामांचे मत आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर बेडूक उडी मारून जातो पण गुळगुळीत कापडावरून वर येऊ शकत नाही, पोहून पोहून थकून मरतो. शेजारच्या शेततळ्यात सकाळी असे चार-पाच निघत. यंदा पावसाच्या आधी बाबांनी जुनी बारदानाची पोती शिवून लांब पट्टा केला, एका टोकाला दगड बांधून तो पाण्यात सोडला आणि दुसरे टोक काठावरच्या खुंटीला बांधले. पोत्यावर ओल्या पावलांच्या खुणा असतात. खारीच्याही असतात.